राजाच्या पक्षाबरोबर : सेंट ऑल्बन्स ते ट्यूक्सबरी

लेस्टरमध्ये राहणारा माणूस यॉर्क घराण्याच्या बाजूचा असणार, हे धरूनच चालायचं. २०१२ साली तिथल्या एका कारपार्कखाली तिसऱ्या रिचर्डचा सांगाडा सापडला, २०१५ मध्ये तो कॅथीड्रलमध्ये समारंभाने पुरला गेला, आणि तेव्हापासून आमचा दादा त्या राजाविषयी शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलतो. मला कुतूहल होतं ते समोरच्या बाजूचं. पंधराव्या शतकात इंग्लंडच्या गादीसाठी यॉर्क आणि लँकेस्टर या दोन घराण्यांत झालेली ती गुलाबांची युद्धं. ती सुरू झाली तेव्हा गादी लँकेस्टर घराण्याकडे होती. न्यायालयं, पार्लमेंट, राजमुद्रा आणि बहुतेक उमरावही त्यांच्याकडे. एवढं असून हा पक्ष हरला कसा, हे तो जिथे जिथे हरला तिथे जाऊन पाहायचं आम्ही ठरवलं. गाडी दादाची, डबा वहिनीचा. वाद तिघांचे.

शनिवार : सेंट ऑल्बन्स

शनिवार म्हणजे इथला बाजाराचा दिवस. सेंट पीटर्स स्ट्रीटवर दुतर्फा तंबू, चीज, ऑलिव्ह, फुलांची रोपं. रस्ता रुंद आहे आणि थोडा चढाचा. २२ मे १४५५ रोजी लँकेस्टर घराण्याचा राजा सहावा हेन्री याच गावात आपल्या निशाणाखाली उभा होता, आणि यॉर्कचा ड्यूक रिचर्ड गावाबाहेर सैन्य घेऊन थांबला होता. यॉर्कचं म्हणणं एवढंच की राजाशी आपलं वैर नाही, राजाभोवतीचे वाईट सल्लागार आपल्या ताब्यात हवेत. म्हणजे मुख्यतः सॉमरसेटचा ड्यूक एडमंड बोफर्ट. बोलणी फिसकटली. रस्त्यांवरचे अडथळे राजाच्या माणसांनी चांगले धरून ठेवले होते, पण यॉर्कच्या बाजूच्या वॉरिकच्या अर्लची माणसं घरांच्या परसबागांमधून आत घुसली आणि थेट बाजारात निघाली. राजाच्या मानेला बाण चाटून गेला. सॉमरसेट मारला गेला तो ‘कासल’ नावाच्या खाणावळीपाशी. व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या कोपऱ्यावर तसा फलक आहे, त्याच्याखाली एक बाई स्ट्रॉबेरी विकत होती.

तासाभरात सगळं संपलं. मेलेल्यांची संख्या फार नव्हती, पण कोण मेलं ते महत्त्वाचं. सॉमरसेट, नॉर्थम्बरलंडचा पर्सी आणि लॉर्ड क्लिफर्ड हे तिघेही राजपक्षाचे खांब, आणि तिघांनाही वारस होते. लढाई जिंकल्यावर यॉर्कने जखमी राजापुढे गुडघे टेकले आणि त्याला सन्मानाने लंडनला नेलं.

मला वाटतं लँकेस्टर पक्षाची सगळी गोची या एका दृश्यात आहे. हेन्री हा उत्सवमूर्तीसारखा होता. पालखी ज्याच्या खांद्यावर, मिरवणूक त्याची. ऑगस्ट १४५३ मध्ये तो असा खचला की माणसं ओळखेना, बोलेना. नाताळ १४५४ पर्यंत तीच अवस्था. त्या मधल्या काळात त्याला मुलगा झाला, तोही त्याला कळला नाही. त्याआधी शुद्धीत असतानाही त्याने जमिनी आणि मानमरातब असे वाटले होते की १४५० च्या सुमारास राजाच्या डोक्यावर ३,७२,००० पौंडांचं कर्ज होतं. राजाच्या नावाइतकं मोठं शस्त्र देशात दुसरं नव्हतं, हे खरं. पण ते शस्त्र शत्रूच्या हाती लागलं की शत्रूसाठीही तितकंच चालायचं.

दुपारी क्लॉक टॉवरवर चढलो. हा मनोरा पंधराव्या शतकाच्या सुरुवातीचा, म्हणजे दोन्ही लढाया पाहिलेला. दोन्ही म्हणायचं कारण १७ फेब्रुवारी १४६१ ला इथेच पुन्हा युद्ध झालं, आणि त्या वेळी हेन्रीच्या राणीचा, मार्गारेटचा, पक्ष जिंकला. डन्स्टेबलकडून रात्रीतून चाल करून तिचं सैन्य पहाटे गावात शिरलं. वॉरिकने तोफा आणि जाळ्या मांडल्या होत्या त्या दुसऱ्या दिशेला तोंड करून. तोवर यॉर्कवाल्यांच्या कैदेत असलेला राजा परत मिळाला. तो एका झाडाखाली बसलेला सापडला, असं सांगतात.

इथून लंडन एका दिवसाच्या चालीवर. आणि राणी गेली नाही. वर मनोऱ्यावर उभं राहून आम्ही सर्वांत जास्त भांडलो ते यावरच. तिचं सैन्य उत्तरेतलं, पगाराऐवजी लुटीवर पोसलेलं. वाटेतली गावं त्याने धुऊन काढली होती आणि त्या बातम्या राजधानीत आधीच पोचल्या होत्या. तीन थोर घरच्या स्त्रिया शहरातून राणीकडे रदबदली करायला आल्या. महापौर अन्नधान्य पाठवायला तयार झाला, पण लोकांनी गाड्या वेशीतच अडवल्या. राणीने माघार घेतली.

‘‘चुकलं तिचं,’’ दादा म्हणाला. ‘‘वेशी फोडून आत जायला हवं होतं.’’

‘‘आणि आत काय केलं असतं?’’ वहिनी म्हणाली. ‘‘जाळलं असतं? आपलीच राजधानी?’’

वहिनीचं मला पटतं. राजपक्ष म्हणून मिरवायचं तर राजाची प्रजा लुटता येत नाही, बंडखोराला एक वेळ चालतं. शिवाय लंडनचे व्यापारी आधीपासून यॉर्कवाल्यांना कर्ज देत होते, कारण लोकरीच्या व्यापाराची नाडी कॅलेमध्ये, म्हणजे फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या इंग्रजांच्या बंदरात, आणि कॅलेचा किल्लेदार वॉरिक. इंग्लंडच्या राजाकडे कायम पगारी म्हणावी अशी मोठी फौज एकच, ती कॅलेची. राजाचीच फौज, राजाच्याच शत्रूच्या हुकमात! १४६० मध्ये धाकट्या सॉमरसेटने, म्हणजे इथे पडलेल्या ड्यूकच्या मुलाने, कॅले घ्यायचा प्रयत्न केला आणि मार खाल्ला. लंडन ४ मार्च १४६१ ला यॉर्कच्या अठरा वर्षांच्या मुलाला, एडवर्डला, राजा म्हणून मोकळं झालं.

रविवार : कॉव्हेंट्री

कॉव्हेंट्रीत थांबलो ते सेंट मेरीज गिल्डहॉलसाठी. १४ नोव्हेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात शेजारचं कॅथीड्रल कोसळलं, गिल्डहॉल वाचला. आत उत्तरेच्या खिडकीखाली भिंतभर विणकामाचा पडदा आहे, साधारण १५०० चा. त्यात गुडघे टेकून बसलेले राजाराणी म्हणजे हेन्री आणि मार्गारेट असावेत असं मानतात. रंग अजून धड आहेत.

१४५६ पासून राणीने दरबार इकडे मिडलंड्समध्ये हलवला. लहानग्या युवराजाच्या नावाने चेशर आणि वेल्सचा कारभार तिच्या हाती होता, लँकेस्टर घराण्याच्या खासगी जमिनीही जवळ. माणसं मिळवण्यासाठी जागा उत्तम. युवराजाचं चिन्ह हंस. १४५९ मध्ये चेशरच्या घरंदाज लोकांना तिने हंसाची पदकं वाटली. पुढे या पक्षाचं चिन्ह म्हणून गाजलेला लाल गुलाब बिलाब तेव्हा त्याच्या अंगावर फारसा दिसलाच नसता.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इथे पार्लमेंट भरलं. महिन्याभरापूर्वी लडलोजवळ राजाचं निशाण समोर दिसताच यॉर्कच्या बाजूची कॅलेची तुकडी तिचा नायक अँड्र्यू ट्रोलपसह राजाकडे निघून आली होती आणि यॉर्कवाले रातोरात पळाले होते. राजाच्या नावाची ताकद ती हीच. पण कॉव्हेंट्रीच्या पार्लमेंटने पळालेल्यांना राजद्रोही ठरवून त्यांच्या वारसांचाही हक्क काढून घेतला. माफी मागून परत यायची वाट अशी बंद झाली. ज्यांना हरायला काही उरलं नाही ते सातेक महिन्यांत परत आले. १० जुलै १४६० ला नॉर्थॅम्प्टनला लॉर्ड ग्रेने आयत्या वेळी बाजू बदलली आणि राजा पुन्हा शत्रूच्या ताब्यात.

कॉफी बरी होती. पार्किंग महाग.

सोमवार : सँडल आणि टाउटन

वेकफील्डच्या सँडल किल्ल्यात आता हिरवी टेकाडं, खंदक आणि दोनचार दगडी दात. कुत्री फिरवणारी माणसं, पतंग उडवणारी मुलं. वरून काल्डर नदीपर्यंतचा उतार स्वच्छ दिसतो. ३० डिसेंबर १४६० ला यॉर्कचा ड्यूक हा सुरक्षित किल्ला सोडून थोडक्या माणसांनिशी खाली उतरला आणि मारला गेला. का उतरला यावर दादाकडे बरंच काही होतं. मॅनीगेट्स लेनवरचं त्याचं स्मारक दाखवूनच त्याने आम्हाला पुढे जाऊ दिलं.

मला इथे मारणाऱ्यांत रस होता. पाच वर्षांपूर्वी सेंट ऑल्बन्सला पडलेल्या त्या तिघांचे मुलगे आता इथे सेनापती होते : सॉमरसेट, नॉर्थम्बरलंड, क्लिफर्ड. मधे १४५८ मध्ये हेन्रीने दिलजमाई करून पाहिली होती. सेंट पॉल्सपर्यंत मिरवणूक, राणीचा हात यॉर्कच्या हातात, आणि मृतांच्या प्रार्थनांसाठी यॉर्कवाल्यांनी सेंट ऑल्बन्सच्या मठाला दरसाल ४५ पौंड द्यायचे. मुलग्यांचं समाधान त्याने झालं नाही. सूडाने पेटलेली माणसं पगार मागत नाहीत आणि बाजू बदलत नाहीत. राणीला असे निष्ठावान लोक आयते मिळाले. पण थांबायचं कुठे हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. यॉर्कचा सतरा वर्षांचा मुलगा रटलंडही मारला गेला. बापाचं मुंडकं कागदी मुकुट घालून यॉर्क शहराच्या वेशीवर टांगलं. थोरला मुलगा एडवर्ड मात्र तेव्हा वेल्सच्या सरहद्दीवर होता, जिवंत, आणि आता त्याच्याकडेही सूडाचं कारण होतं.

त्यात एक कायद्याची मेख. ऑक्टोबर १४६० मध्ये शत्रूच्या कैदेतल्या हेन्रीने पार्लमेंटमध्ये करार मान्य केला होता : आपण मरेपर्यंत राजा, पुढे गादी यॉर्कची. युवराज बाहेर. राणीच्या बाजूने पाहिलं तर हा करार जबरदस्तीचा, म्हणून रद्दबातल. पण कागदावर राजाची संमती होती. वेकफील्डनंतर यॉर्कवाले म्हणू लागले, करार राजपक्षाने मोडला, तेव्हा आम्हीही शपथेतून सुटलो. ज्या पक्षाचं सगळं भांडवल राजाचा शब्द, त्याच्याच राजाचा शब्द विरोधकांच्या खिशात.

जेवण सँडलच्या खंदकावर, दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. मग टाउटन.

टाउटनचं पठार बघायला काहीच नाही आणि तरी मी तिथे सगळ्यात जास्त वेळ उभी होते. गव्हाची शेतं, मधून जाणारा रस्ता, कडेला राजपक्षाकडून लढताना पडलेल्या लॉर्ड डेकरचा म्हणून दाखवतात तो जुना क्रूस. फलक चांगले लावलेत. क्रूसापासून पायवाट पश्चिमेकडे जाते आणि एकदम लक्षात येतं की पठाराला कडा आहे. खाली कॉक बेक नावाचा ओढा. २९ मार्च १४६१, पाम संडे, बर्फ पडत होतं. वारा दक्षिणेचा, यॉर्कवाल्यांच्या पाठीशी. त्यांच्या बाजूच्या लॉर्ड फॉकनबर्गने तिरंदाजांना एकदा बाण सोडून मागे यायला सांगितलं. राजपक्षाच्या तिरंदाजांच्या तोंडावर बर्फ. त्यांनी उत्तरादाखल भाते रिकामे केले आणि बाण अलीकडेच पडले. शत्रूने तेच बाण उपटून परत मारले. मग राजपक्षाला चांगली जागा सोडून पुढे यावं लागलं.

तरीही दिवसभर ते जिंकतच आले होते. देशातले बहुसंख्य उमराव त्या दिवशी लँकेस्टरकडून लढत होते, हे विसरू नये. साठ वर्षांच्या गादीशी घेतलेल्या शपथा लोकांनी अशा सहज टाकल्या नव्हत्या. संध्याकाळकडे नॉरफकच्या ड्यूकची ताजी फौज यॉर्कच्या मदतीला आली आणि फळी मोडली. पळायला वाट एकच, त्या कड्यावरून ओढ्याकडे. उताराखालच्या कुरणाला अजून ‘ब्लडी मेडो’ म्हणतात. विजेत्यांच्या पत्रात २८,००० मृतांचा आकडा आहे. आजचे बरेच अभ्यासक तो फुगवलेला मानतात. मात्र १९९६ मध्ये टाउटन हॉलपाशी बांधकाम करताना एक सामूहिक खड्डा सापडला, आणि त्यातल्या कवट्यांवर एकाच माणसाला डोक्यात अनेक घाव घातल्याच्या खुणा आहेत.

त्या दिवशी दोन राजे होते. एडवर्ड, सहा फुटांवर उंच, घोड्यावरून उतरून आपल्या माणसांच्या रांगेत लढत होता. हेन्री यॉर्क शहरात होता, राणीजवळ. पाम संडेला लढाई नको अशी त्याची इच्छा होती म्हणतात, आणि ते त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. राजपक्षाचा सेनापती सॉमरसेट जेमतेम पंचविशीचा. धाडसी खरा, पण तो मागे सरला तर फळी मागे सरायची. एडवर्डसाठी माणसं जागा सोडत नव्हती, कारण राजा डोळ्यांसमोर होता.

सॅक्सटनच्या चर्चच्या आवारात लॉर्ड डेकरची कबर आहे, घोड्यासकट पुरला असं गावकरी सांगतात. दादा तिथे गप्प होता. गाडीत बसल्यावर म्हणाला, ‘‘तुझ्या बाजूची माणसं चांगली होती. राजा सोडून.’’

मंगळवार : यॉर्क

यॉर्कविषयी इतरत्र भरपूर लिहिलेलं आहे, त्यामुळे मिकलगेट बार या जुन्या वेशीखालून जाऊन आलो एवढंच. टाउटननंतर एडवर्डने इथली बापाची आणि भावाची मुंडकी उतरवली आणि त्या जागी नवी चढवली.

बुधवार : बँबरा

नॉर्थम्बरलंडचा किनारा. काळ्या कातळावर बसलेला बँबरा किल्ला लांबूनच दिसतो. आजचा बराचसा भाग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी लॉर्ड आर्मस्ट्राँगने उभारलेला, त्यामुळे आतल्या दिवाणखान्यांत माझं मन रमलं नाही. खाली वाळूवरून मात्र जागेचा अंदाज येतो. १४६३-६४ मध्ये इंग्लंडच्या राजाचं राज्य एवढंच उरलं होतं : हा किल्ला आणि शेजारचे दोनतीन.

इथवर राजपक्ष टिकला तो पर्सी घराण्याच्या मुलखामुळे आणि राणीच्या चिवटपणामुळे. पण त्या चिवटपणाची किंमत बघा. एप्रिल १४६१ मध्ये तिने स्कॉटलंडच्या मदतीसाठी सरहद्दीवरचं बेरिक त्यांना देऊन टाकलं. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या अकराव्या लुईकडून कर्ज घेताना कॅले गहाण ठेवायची तयारी दाखवली. मिळालं काय, तर प्येर द ब्रेझेच्या हाताखाली थोडी फौज. आधीच ती फ्रेंच; नॉर्मंडी आणि बोर्दो हेन्रीच्याच कारकिर्दीत गेलेले. सीमेवरचा इंग्रज जिच्या सैन्यात स्कॉट पाहील तिला आपली राणी कसा म्हणेल? वहिनी इथे रागावली. राणीच्या जागी दुसरं कुणी असतं तर ‘मुत्सद्दी’ म्हणाला असतात, असं तिचं म्हणणं, आणि त्यात तथ्य आहे. नवरा दुबळा, मुलगा लहान आणि दारात दावेदार, अशा बाईने शरण जायला हवं होतं का? तिने प्रत्येक वेळी हातात होतं ते विकलं. फक्त जे विकलं त्याच्या जोरावरच तिला राज्य मागायचं होतं.

मे १४६४ मध्ये हेक्सॅमला सॉमरसेट पकडला जाऊन मारला गेला. मधे एडवर्डने त्याला माफ करून जवळ केलं होतं, तरी तो उलटून हेन्रीकडे परत आला होता. इतकी निष्ठा या माणसाने का दाखवली, मला कळत नाही. बँबराला वॉरिकने निरोप पाठवला : राजाचा किल्ला आहे, तोफ डागायला लावलीत तर प्रत्येक गोळ्यामागे एक मुंडकं. तोफा डागल्या गेल्या. लंडन, न्यूकॅसल, डिझों अशी त्यांची नावं. तोफांच्या माऱ्याने पडलेला हा इंग्लंडमधला पहिला किल्ला म्हणतात. हेन्री त्याआधीच निसटला होता, वर्षभर इकडेतिकडे लपला आणि १४६५ मध्ये लँकेशरमध्ये सापडला.

गुरुवार–शुक्रवार : ट्यूक्सबरी

गुरुवार सगळा रस्त्यात गेला, पावसात. शुक्रवारी ऊन.

ट्यूक्सबरीत उन्हाळ्यात घराघरावर १४७१ च्या लढवय्यांची निशाणं लावतात, दोन्ही बाजूंची. गाव लढाईवर जगतं आणि त्याची लाज बाळगत नाही. ते मला आवडलं.

इथे आलेला राजपक्ष मात्र वेगळाच होता. वॉरिक एडवर्डशी बिनसून मार्गारेटला जाऊन मिळाला, जुलै १४७० मध्ये आँजेला दोघांचा तह झाला, त्याची मुलगी युवराजाला दिली, आणि ऑक्टोबरमध्ये हेन्री पुन्हा गादीवर. ज्याने यांचे बाप मारले त्याच्याच हाताखाली आता सॉमरसेटवाल्यांनी लढायचं. संख्येने पक्ष वाढला, विश्वास उरला नाही. मार्च १४७१ मध्ये एडवर्ड परत उतरला तेव्हा लंडनमधले जुने निष्ठावंत राणीच्या स्वागताला किनाऱ्याकडे निघून गेले. हेन्रीला निळा लांब झगा घालून रस्त्यांतून फिरवलं, लोकांना धीर यावा म्हणून. उलट त्याला पाहून लोकांचा होता तो धीरही गेला. ११ एप्रिलला एडवर्ड विनासायास आत आला. राजा चौथ्यांदा शत्रूच्या हाती. तीन दिवसांनी बार्नेटच्या धुक्यात वॉरिक पडला, आणि त्याच दिवशी मार्गारेटचं जहाज वेमथला लागलं.

सेव्हर्न नदी ओलांडून वेल्समध्ये जॅस्पर ट्यूडरला मिळायचं, हा तिचा बेत शहाणपणाचा होता. ग्लॉस्टरने वेस लावून घेतली. दमलेलं सैन्य इथवर आलं आणि पुढे जाईना. आम्ही गावाच्या दक्षिणेचं शेत पाहिलं, ब्लडी मेडो पाहिला; इथेही एक आहेच. ४ मेच्या सकाळी आताच्या सॉमरसेटने, म्हणजे हेक्सॅमला गेलेल्याच्या धाकट्या भावाने, बाजूने हल्ला चढवला. धाडस चांगलं, पण मधल्या फळीतून साथ आली नाही आणि झाडीत एडवर्डने दडवलेले दोनशे भालेकरी त्याच्या अंगावर आले. सतरा वर्षांचा युवराज पळताना मारला गेला. सॉमरसेट ॲबीत, म्हणजे मठाच्या चर्चमध्ये, आश्रयाला गेला होता. तिथून काढून त्याला बाजारात नेऊन शिरच्छेद केला.

ॲबीत मनोऱ्याखालच्या फरशीत युवराजाच्या नावाची पितळी पट्टी आहे. वर छताला एडवर्डचं चिन्ह, झळाळता सूर्य. सॅक्रिस्टीच्या, म्हणजे पूजासाहित्य ठेवायच्या खोलीच्या, दाराला आतून ठोकलेले पत्रे रणांगणावरच्या चिलखतांचे म्हणतात. २१ मेच्या रात्री टॉवरमध्ये हेन्रीही मेला. मुलगा जिवंत असेपर्यंत बापाला मारून उपयोग नव्हता.

दादाच्या मते इथे पक्ष संपला. मी त्याला जॅस्परची आठवण दिली. हेन्रीचा हा सावत्र भाऊ मॉर्टिमर्स क्रॉसची लढाई हरला, वेल्स हरला, स्कॉटलंड, ब्रिटनी, फ्रान्स हिंडला, आणि ट्यूक्सबरीला वेळेत पोचला नाही म्हणूनच वाचला. राजपक्षात शौर्याचा तुटवडा कधीच नव्हता, पळून जाऊन परत येणारे थोडे. बातमी कळताच तो चौदा वर्षांच्या पुतण्याला, हेन्री ट्यूडरला, घेऊन टेन्बीहून जहाजात चढला.

‘‘म्हणजे आता बॉसवर्थ,’’ वहिनी म्हणाली.

तिथेच १४८५ मध्ये या पुतण्याने तिसऱ्या रिचर्डला हरवून गादी घेतली. लेस्टरपासून ते अर्ध्या तासावर आहे. दादाने उद्या गाडी सर्व्हिसिंगला द्यायची आहे असं सांगितलं.